डावा लागतोय

कटबँकच्या वाऱ्याला कुणाची भीड नाही.
म्हणून गुडघे टेकून मी
गोळ्यावर कपलर बसवते, खटका लागल्याचं ऐकते,
साखळ्या खालून फुलीत अडकवते.
सुटलाच जोड, तर ट्रेलरचं नाक
त्या फुलीत पडावं, डांबरात नाही.

एल्डन पायरीवर.
चाळीस वर्षं हे काम त्याचं.
आता नजरेच्या ऐन मध्यावर डाग,
जग उरलंय ते कडेकडेचं.
"मागे वजन ठेवू नकोस, शेपूट हलवेल."
ठाऊक आहे मला.
मागच्या खणातून नटबोल्टांनी भरलेले
त्याचे कॉफीचे सात डबे काढले,
चाकांच्या जरा पुढे, तळाशी रचले.
"एखादा टाकून दे की."
तो बोलला नाही.

टायर गार होते तोवर हवा मोजली.
आरसे बाहेर ओढले.
राहिले दिवे.
ब्रेक दाबून मीच मागे कशी बघू?
हाक मारायची नव्हती. मारली.

ट्रेलर चाचपत तो मागे गेला.
मी पाय दाबून धरला.
बराच वेळ नुसता वारा.
आरशात कडेला त्याचं कोपर तेवढं दिसत होतं,
म्हणजे तळहात लाल काचेवर असणार,
घोड्याच्या पुठ्ठ्यावर ठेवावा तसा.

"डावा लागतोय," तो ओरडला, "ऊब आहे!"
मग जरा थांबून,
"उजवा गार."

नवा बल्ब तिसऱ्या डब्यात निघाला,
वॉशरांच्या खाली, मोज्यात गुंडाळलेला.
डब्यांचा विषय मी पुन्हा काढला नाही.