भुरका

रविवार, सकाळचे साडेसात. जरीपटक्याच्या वळणावर
पोह्यांच्या ठेल्यापाशी आपण उभे.
तर्रीवर लाल तेल, चण्यावर सांबार,
आणि तू स्वेटरच्या खिशातून
खोकल्याच्या औषधाची ती बाटली काढतोस.

जाताना तिच्यात भिवापुरी मिरची होती.
विमानतळावरच्या रांगेत तू घामाघूम,
जणू तिखट नाही, बारूद नेतोयस.
"तिकडं सगळं फिकं रायते म्हणे, सुगतभाऊ,"
शेजारच्या वासनिकांनी बजावलं होतं.

खरंच, पहिले तीन दिवस
आपण जेवलो कमी, वासच जास्त घेतले.
आंबलेल्या सोयाबीनची तार
तुझ्या मिशीपासून वाटीपर्यंत लोंबली.
"आपला फ्रिज बंद पडला होता ना,
तेव्हा हेच झालं होतं," म्हणालास.
भातावर कच्चं अंडं.
डोळ्यासकट भाजलेला मासा,
माझ्या ड्रॉइंगच्या बाईंसारखा रोखून पाहणारा.

पण सांगायचंय ते चौथ्या रात्रीचं.

मात्सुयामा. ट्राम संपते तिथून उजवीकडे
सहा स्टुलांचं दुकान.
वाफेतून एका म्हाताऱ्याचे हात आले,
नूडल्सचे दोन वाडगे ठेवून परत गेले,
आणि आजूबाजूला एकदम भुरके.
टाय लावलेला माणूस भुरके मारतोय,
केस नीट विंचरलेली मुलगी भुरके मारतेय,
कुणी मान वर करून पाहत नाही.

तू काड्या धरून थांबलास.
माझ्याकडे पाहिलंस.

एकवीस वर्षं झाली रे.
रामदासपेठेत, माझ्या साहेबांकडे जेवायला गेलो होतो.
तू कढीचा भुरका मारलास,
तुमच्या इंदोऱ्यात सगळेच मारायचे तसा,
आणि साहेबांची मुलगी हसली.
वाईट नाही. नुसती हसली.
शंकरनगरच्या सिग्नलला, लाल दिव्यावर,
स्कूटरवर मागे बसून
मी तुझ्या पाठीला म्हणाले,
"चारचौघांत असा आवाज करत जाऊ नको."
तू काही बोलला नाहीस. दिवा हिरवा झाला.

तेव्हापासून आपल्या घरात
वरण आवाज न करता संपतं.
चहासुद्धा तू असा पितोस
जसा दुसऱ्याच्या घरी चोरून.
आणि मी विसरूनही गेले.
वाटलं, असाच आहे हा.

"मार ना," मी म्हटलं. "काहून थांबला?"
पहिला भुरका थंडीतल्या स्कूटरसारखा, लागता लागता बंद.
दुसरा लागला.

मग तू टेबलाखालून बाटली काढलीस.
म्हाताऱ्यानं पाहिलं, बोट पुढे केलं, चाटलं,
आणि तांब्याभर पाणी प्याला.
डोळे पुसत, हसत, आतून दोन संत्री घेऊन आला.
लहान, पातळ सालीची, बिनबियांची.
तू एक फोड तोंडात टाकलीस आणि गप्प.
कळमन्यात बापाबरोबर पेट्या उचललेला माणूस तू.
"आपल्यासारखं?" मी विचारलं.
बऱ्याच वेळानं म्हणालास,
"गोड आहे. पण थुंकायला काहीच नाही यात."

मिरची त्यानं ठेवून घेतली.
बाटली धुऊन, पुसून, स्वतःचा सात जिनसांचा मसाला भरून
दोन्ही हातांनी परत दिली.

तोच आता तू तर्रीवर झटकतोस.
तर्रीला पत्ताही लागत नाही. तीळ तेवढे तरंगतात.

परतून महिना झाला. कर्जाचा पहिला हप्ता गेला.
तू पुन्हा बिनआवाजाचा जेवायला लागलास.
मी भाकरी करता करता कान देते,
तुझ्या ताटातून काहीच येत नाही.
एवढ्या लांब जाऊनही
एक वाक्य मला बोलता आलेलं नाही.

समोरून आमच्या बँकेतल्या ठवरे मॅडम येतात,
फिरायला निघालेल्या, नवे पांढरे बूट.
"अय्या, तुम्ही इथे?"
मी मान हलवते, प्लेट उचलते, ओठांना लावते
आणि उरलेली सगळी तर्री
पलीकडच्या पानवाल्याला ऐकू जाईल अशी ओढते.

ठसका. नाकातून पाणी. जीभ पेटलेली.
"हळू, काकू," ठेल्यावरचं पोरगं म्हणतं.
तू पाठ थोपटतोस, पाहत राहतोस.
तुझ्या हातातली प्लेट अजून तशीच,
एका चण्यावर चिकटलेला
पांढरा तीळ.