कानाची नोकरी

एरवी मी शाळेत भूगोल शिकवतो.
आज, गांबिया नदीकाठच्या याच वर्गात,
मला फक्त ऐकायचं आहे.

पडद्यामागे तीन पिंपं, तीन रंगांची.
प्रत्येकावर एक हसरा फोटो, वरून आत गेलेली नळी.
माणूस काचेची एक गोटी घेऊन आत जातो,
गोटी नळीतून घरंगळते, आतल्या घंटेला लागते,
टण.
आणि तळाच्या वाळूत गप्प पडते.
एक माणूस, एक टण.
दोन झाले तर मी ताडकन उठायचं.
एकही झाला नाही तर काय करायचं
ते प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

सायकली आज शाळेपासून लांब.
कुणी सवयीने घंटी वाजवली तर माझी मोजदाद बिघडेल.
लहानपणी आई ओरडायची,
गोट्या खेळून कुणाचं भलं झालंय?
आई, आज अख्खं गाव रांगेत उभं आहे, बघ.

दुपारपर्यंत दोनशे चौदा.
केबा सुतार गोटी टाकतो ती खिळा ठोकल्यासारखी.
सिरा हळूच सोडते,
झोपलेल्या लेकराच्या उशाशी काही ठेवावं तशी.
कुणाच्या पिंपात, ते कळत नाही.
तिन्ही घंटा सारख्याच वाजतात. तेवढं बरं आहे.

दोनशे पंधरावी टिडा सान्यांग.
आत गेली, आणि काही नाही.
बाहेर कुणी खोकलं. एक शेळी ओरडली.
पक्षांची माणसं माझ्याकडे बघू लागली,
जणू तो आवाज मीच खिशात घातला होता.

पडद्याकडे पाठ करून मी विचारलं,
"टिडा, नळी सापडत नाही का?"
"सापडली. विचार करतेय."
"अजून किती वेळ?"
"बांध फुटून चार पावसाळे झाले.
तेव्हा नाही कुणी घड्याळ बघितलं."

तिच्या भातात खारं पाणी शिरतं, मला माहीत आहे.
भरतीला समुद्र नदीतून किती आत येतो
ते मी पोरांना नकाशावर पट्टी ठेवून दाखवतो.
साडेचार बोटं.
तिच्या लोंब्या पोचट निघतात
ते त्या नकाशात नाही.

मग,
टण.
बाहेर येऊन शाईचं बोट वाळवत म्हणाली,
"तू ऐकलंस. पुढे कोण ऐकणार?"
मी गप्प राहिलो.
नोकरी कानाची होती, तोंडाची नव्हती.

रात्री कंदिलाखाली गोट्या भोकांच्या पाटीत ओतल्या.
रांगेने बसत गेल्या, कणसाच्या दाण्यांसारख्या.
कुणाची कुठली, ते कळू नये हाच तर नियम,
तरी मी एक शोधत राहिलो.

तीन महिन्यांनी वॉर्डाची सभा, आंब्याखाली.
निवडून आलेला आधी फुटबॉलच्या मैदानावर बोलला,
मग राजधानीतल्या आपल्या ओळखींवर.
टण.
टिडाच्या मांडीवर नातवाच्या सायकलची घंटी.
"बांध," ती म्हणाली.
तो हसला. पाहुण्यांचे आभार मानू लागला.
टण. "बांध."
घाम पुसून पुन्हा मैदानाकडे वळला.
टण.
मागे कुठेतरी केबाने फावड्यावर दगड मारला.
सिराकडे काहीच नव्हतं, तिने बांगडीने पातेलं वाजवलं.
एका म्हाताऱ्याने नुसत्याच तोंडाने "टण" केलं
आणि पोरं खिदळली.

कधीतरी तो बसला.
बसून म्हणाला, बरं, किती लांबीचा आहे तो बांध?
बायका एकदम बोलू लागल्या. कुणाचे आकडे जुळेनात.

इतिवृत्त माझ्याकडे होतं.
त्याने वाकून हळूच विचारलं,
मास्तर, ते घंटीचं काही लिहू नका ना.
मी पेनाचं टोपण काढलं.
सतरा वेळा वाजली होती.
फावडं आणि पातेलं वेगळं.