दरमहा सात पौंड

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, मासळीच्या कारखान्यात
हेझल ब्लँचर्ड पगारपत्रकं करते.
एकशे चौदा माणसांचे तास, रजा, ओव्हरटाइम,
आणि शेवटच्या ओळीत स्वतःचे.
स्वतःच्या पगाराला कात्री लावताना
तिचा हात थांबत नाही.

हिशेब साधा आहे.
महिन्याला दोन हजार तीनशे बहात्तर पौंड, हा उंबरठा.
अलीकडे असाल तर कुणी काही मागत नाही.
पलीकडे पडलेल्या प्रत्येक पौंडातले नऊ पेन्स त्यांचे.
हेझल उंबरठ्यापलीकडे अठ्ठ्याहत्तर पौंडांवर उभी आहे.
म्हणजे सात पौंड.
वरच्या दोन पेन्सांवर सरकार पाणी सोडतं.

हलच्या विद्यापीठात ती सागरी जीवशास्त्र शिकली.
प्रबंध कॉडच्या कानातल्या खड्यावर:
त्या इवल्या खड्यात वर्षाला एक वलय,
मोजलं की माशाचं वय कळतं.
आता कॉड तिच्यापर्यंत येतो तो डोक्याशिवाय,
किलोच्या भावाने.
वय विचारायची सोय नाही.

कर्जाचं वय मात्र पाठ आहे.
घेतलं तेव्हा बेचाळीस हजार. आज एकसष्ट.
दर वर्षी पत्र, दर वर्षी एक वलय.
तिचे सात पौंड व्याजाच्या पायरीवरच दमून बसतात,
मुद्दलाचं तोंड त्यांनी अजून पाहिलेलं नाही.

तिचे वडील, रे, पत्र उजेडात धरतात:
"अगं, हे फिटणार कधी?"
"फिटणार नाही, डॅड. विझणार आहे."
एप्रिल दोन हजार सेहेचाळीस. तीस वर्षं भरली
की उरलेलं सगळं पुसलं जातं.
त्याआधी ती गेली तर तिच्याबरोबर तेही जाईल,
रे यांच्या दारात कुणी येणार नाही.
ज्यांनी टीव्हीसुद्धा कधी हप्त्यानं घेतला नाही ते रे
चष्मा काढून विचारतात,
"मग याला कर्ज का म्हणतात?"

हेझल किटली लावते.

डिसेंबरात सामनची मागणी वाढते, जादा तास होतात,
त्या महिन्यात कात्री खोल जाते.
वर्षाची बेरीज उंबरठ्याखाली राहिली
तर जादा गेलेलं परत मिळतं, पण मागावं लागतं.
जेवणाच्या सुटीत ती पॅकिंगवाल्या पोरांना हे सांगते.
पोरं मान डोलावतात, चिप्स खातात, मागत नाहीत.
एकानं मागितलं. एकशे बारा पौंड आले.
दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्यांना केक आणला.

शनिवारी लेबलं चिकटवायला लिगाया येते,
नर्स डिमाकुलांगनबाईंची मुलगी.
तिला क्ष-किरण तंत्रज्ञ व्हायचंय.
इथे पाच वर्षं झाली; नियमाला तीन पुरतात.
पण कायम वास्तव्याचा कागदही हवा,
आणि तो अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी हातात हवा.
नियमाच्या पंचांगात पहिला दिवस एक सप्टेंबर,
वर्ग भरो न भरो.
कागद आला एकोणीस तारखेला.

वर्ग बावीसला भरले.

हेझलनं तो नियम तीनदा वाचला,
जाळ्याचं भोक शोधावं तसा.
मग म्हणाली, "पुढच्या वर्षी. आणि ऐक,
तुझी योजना निराळी. उंबरठा खाली आणलाय,
वर्षाला पंचवीस हजार, आणि मुदत चाळीस वर्षं."
लिगायानं बोटांवर मोजलं.
"म्हणजे मी त्रेसष्टची. आई तेव्हा..."
आणि लेबलांचं रीळ सरळ करत बसली.

सोमवारी धक्क्यावरून हेझलनं
कॉडचं एक डोकं मागून आणलं, अख्खं.
कार्यालयातल्या कात्रीनंच उघडलं.
पुढच्या शनिवारी खडा दुभंगून
दिव्याखाली लिगायाच्या तळहातावर ठेवला.
"मोज."

दोघी वाकून मोजत राहिल्या.
सहा होती की सात,
कडेला नीट दिसत नव्हतं.