एक लांब, दोन आखूड

बेतूलहून रात्री दोनला निघालो, मतलई वाऱ्यावर.
शालनने स्टोव्हवर चहा टाकला, मी मोठं शीड चढवलं,
आणि 'टिटवी' साळ नदीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावरून
पोट न घासता बाहेर पडली.
यात माझं कौतुक नाही. भरती होती.

वेळसांवच्या समोर कुठेतरी, उजाडायच्या बेताला, धुकं आलं.
आलं म्हणजे, कुठून आलं नाही.
आधी कारखान्याचे दिवे गेले,
मग क्षितिज, मग डोलकाठीचं टोक,
मग नाळेवर टेकलेला माझाच हात
दुसऱ्या कुणाचा वाटायला लागला.
शिडावरून पाणी ठिबकत होतं.

फोनच्या पडद्यावर आम्ही होतो:
निळ्यावर एक छोटा बाण, अगदी ठाम.
पडद्यावर वास्कोचं बंदर होतं, सहा वाव पाणी होतं.
बिनदिव्याचं होडकं नव्हतं.
कोळशाचं जहाज आज कुठे नांगर टाकून बसलंय, ते नव्हतं.

नियम असा: धुक्यात शिडाच्या बोटीने
दर दोन मिनिटांनी भोंगा द्यावा.
एक लांब, दोन आखूड.
आमच्या भोंग्याचा गॅस संपलेला,
आणि तो आणायचं कुणी कबूल केलं होतं
याची चर्चा त्या वेळी झाली नाही.
शालनने खालच्या कप्प्यातून पिपाणी काढली,
फातर्प्याच्या जत्रेत नातवासाठी घेतलेली,
लाल प्लास्टिकची, घरात वाजवायला बंदी असलेली.

चौसष्ट वर्षांची बाई गालांचे फुगे करून
अख्ख्या समुद्राला बजावत होती:
आम्ही इथे आहोत, बाजूला व्हा.

मग म्हणाली, "तू मागे ये. पुढे मी बसते."
"का?"
ती काही बोलली नाही.
खनिजाच्या बार्जवर एकतीस वर्षं इंजिनापाशी उभा राहिलो
आणि उजवा कान तिथेच ठेवून आलो.
नजर चालत नाही तिथे कानवाल्याने पुढे बसावं.
एवढं सोपं गणित.
तरी सुकाण्याशी जाऊन बसायला मला
जरा वेळ लागला.

ती नाळेवर, माझ्याकडे पाठ,
पिवळ्या रेनकोटचा एक डाग.
हात डावीकडे: मी डावीकडे.
हात खाली: सरळ.
चाळीस वर्षांत इतकं बिनबोभाट
मी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

घंटा तिने ऐकली. मी नाही.
मला दिसला तो हात, एकदम उजवीकडे, ताठ.
सुकाणू लोटलं. वारा नावालाच;
टिटवीने थोडा विचार केला, मग वळली.
डाव्या अंगाने एक गंजकी भिंत सरकत गेली,
तिला वर टोक नाही, मागे शेवट नाही,
फक्त शेवाळ, साखळीची एकेक कडी बादलीएवढी,
आणि उंचावरून कुठून तरी
कांदा परतल्याचा वास.

भिंत संपल्यावर शालन काहीतरी बोलली.
पुढेच तोंड करून, बराच वेळ.
हसत होती की काय, खांद्यांवरून कळेना.
एरवी मी दहादा "काय?" म्हणतो,
ती दहादा "काही नाही" म्हणते.
आज मी विचारलं नाही.
माझ्या उजव्या बाजूला बसून तिने
किती वर्षं काय काय सांगून टाकलं असेल,
याचा हिशेब सुकाण्यावर हात असताना करू नये.

मग होडकं. आत एक म्हातारा आणि पाटीभर तारली.
"खंय वतात?"
"पणजे," शालन म्हणाली.
त्याने आमच्या शिडाकडे पाहिलं, पिपाणीकडे पाहिलं.
"हांगाच रावात. आठांक धुकें वतलें."
हे तिने मला मोठ्याने सांगितलं, दोनदा.

नांगर टाकला.
नांगरावरच्या बोटीने घंटा वाजवावी, हाही नियम आहे.
घंटा नव्हती. चहाचं पातेलं होतं.
ती मागे आली, माझ्या डाव्या हाताला बसली.
"मघाशी काय म्हणत होतीस?"
तिने पातेल्यात डोकावलं.
"चहा गार झाला," म्हणाली.
"गॅस पुढच्या वेळी मी आणते."

मी चमचा घेतला आणि पातेलं वाजवत बसलो.