शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक माझ्याकडे असतं.
दुसरं टोक बागूल साहेबांकडे, आकडाही त्यांचाच.
एकवीस वर्षं मी भिंतीच्या मुळाशी उकिडवा बसून
अंगठ्यानं शून्य दाबून धरतोय,
नगररचना विभाग, नाशिक.

कपाटं किती मोजली, त्याचा हिशोब नाही.
हसू नका.
भिंतीतला दीड फुटाचा खण
चटईक्षेत्रात धरायचा की सोडायचा,
एवढ्यावरून अख्ख्या इमारती दाखल्याविना उभ्या होत्या,
आणि आत माणसं टँकरचं पाणी पीत,
कागदावर नसलेल्या कपाटात
लग्नातल्या साड्या घडी घालून ठेवत होती.

चुंचाळ्याच्या खैरनार बाई म्हणाल्या,
"काढून टाकते कपाट. पण मग भिंतीत भोक राहील,
ते कशात मोजाल?"
साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

मग परवा, महासभेत, रात्री साडेनऊला,
वडे संपल्यावर,
नियम सैल झाले.
तीनशे फुटांच्या घराला मोटारीची जागा नको.
बाजूचं अंतर दीड मीटरऐवजी एक.
जिन्याचं शुल्क निम्मं.
कपाट माफ.

सकाळी खिडकीपाशी दिगंबर शेवाळे उभा,
अंबडला नटांना आटे पाडतो,
डब्याच्या पिशवीत नकाशा, त्याला भाजीचा डाग.
नऊ वर्षं एका खोलीत भाड्यानं.
त्यानं माझ्यासमोरच बिल्डरला फोन लावला, स्पीकरवर.
पलीकडून आवाज आला, "नियम उतरला ना शेठ,
पण जमीनवाला चढला."
सैल आणि ताठ एकाच आठवड्यात.
तरी त्यानं पाकिटाच्या मागे तीनदा वजाबाकी केली:
एक लाख चाळीस हजार कमी.
"एवढ्यानं काय होतं?" मी म्हणालो.
"हप्त्याची दोन वर्षं," तो म्हणाला, "जवळजवळ."
आणि पाकीट खिशात घातलं,
नोट असल्यासारखं.

पाथर्डी फाट्याला त्याच दुपारी
तो सुटलेला अर्धा मीटर मी मोजला.
तिथे शकुंतला गांगुर्डेंचा कढीपत्ता होता.
शेजारच्या नव्या भिंतीत आता आठ घरं जास्तीची बसणार,
आणि त्यांच्या स्वयंपाकघरात
दुपारी तीनलाच दिवा लागणार.
कढीपत्ता कुठल्याच कलमात नव्हता.
त्याच्या मुळाशी मी शून्य ठेवलं.
बाईंनी दोन डहाळ्या तोडून माझ्या हातात दिल्या,
रागानं की कसं, कळलं नाही.
आमटीत टाकल्या. वास छान आला.
आठ घरांत कोण येईल, ते त्या रात्री आठवत राहिलं:
नर्स येईल, रिक्षावाला येईल, एखादा दिगंबर.
कुणाची बाजू घ्यायची, हे टेपवर लिहिलेलं नसतं.

आमच्या भाड्याच्या गच्चीवरून पांडवलेणी दिसतात.
तिथे भिक्षूंच्या खोल्या जेमतेम,
झोपायला दगडाचा कट्टा, सामान ठेवायला कोनाडा.
सामासिक अंतर शून्य. वाहनतळ नाही.
पूर्णत्वाचा दाखला कुणी दिला असेल?

रविवारी ऊन उतरल्यावर
अलका तिची शिवणाची टेप घेऊन वर आली.
सरकारी टेप घरी आणता येत नाही.
हिची पाच फुटांची, कडा झिजलेल्या,
बारा नंबर तर पुसूनच गेलाय.
पाच फूट झाले की खडूची खूण,
उचलायची, पुन्हा लावायची.
ती म्हणाली, "शून्य मी धरते."

मग दुसऱ्या टोकाशी वाकून
मी आकडा वाचला.
"नीट वाच," ती म्हणाली. पुन्हा वाचला.
चष्मा खाली राहिला होता, हे तिला सांगितलं नाही.

वीस बाय पंधरा. गच्चीवर ते फारच लहान दिसत होतं,
पाण्याच्या टाकीपासून कपड्यांच्या दोरीपर्यंत.
प्रांजल मधोमध मांडी घालून बसली
आणि हे देवघर, असं तिनं जाहीर केलं.
अलकानं खडू घेतला,
आधी कपाट काढलं,
मग दार.