टॉवेल

पार्क मैदानावर मी गेलो होतो
ती हरावी म्हणून.
उगाच गोड कशाला बोलू?
समोरून माझी लावण्या खेळत होती.
मी तिसऱ्या पायरीवर, खिशात शेंगदाणे,
त्या उज्ज्वला टेकाळेला
तेलुगूत चार शिव्या देऊन झालेल्या.

तीन वर्षांची चॅम्पियन.
खांबाशी अशी वळायची
की धोटा जसा या टोकाला दिसतो,
मग त्या टोकाला दिसतो,
जाताना दिसत नाही.

लावण्याची बोटं तिच्या पाठीला लागली.
लागली म्हणजे,
सूत सुताला लागावं इतकीच.
पंचांनी पाहिलं नाही. मीही नाही.
लावण्यालासुद्धा खात्री नव्हती.
उज्ज्वला थांबली, हात वर केला,
स्वतःच्या पाठीकडे बोट दाखवलं
आणि पाळी सुटल्यावर कारखान्यातून निघावं
तशी चालत बाहेर गेली.

शेंगदाणे तसेच घरी आले.

पुढं माझं काय झालं ते बायकोला विचारा.
जकार्डच्या जुन्या पुठ्ठ्यांत कात्रणं,
तिचा सामना सांगलीत, की मी एस्टीत.
"पन्नाशीत हे काय खूळ," म्हणते,
आणि सांगलीला
माझ्याहून मोठ्यानं तीच ओरडली होती.

गड्ड्याच्या दिवसांत लूम रिकामा होता.
मालकाला विचारून टॉवेल लावला.
काठाला तिचा सात नंबर,
दोन टोकांना दोन खांब,
मधे बसलेल्या आठ पोरी,
एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं.
अकरा रात्री लागल्या.
पाचवीचं डोकं दरवेळी तिरकं यायचं.
शेवटी तसंच ठेवलं.

मार्चात ती आली. दिला.
"कुणी विणला?"
"अंबादास येमूल," मी म्हणालो,
जसा काही तो दुसराच कुणी.
तिनं पाचवीच्या डोक्यावरून बोट फिरवलं, हसली,
खांद्यावर टाकला.

सामना तीच जिंकली.
हरलेल्यांतली एक बारकी पोर, बार्शीची,
खांबाशी गुडघा धरून बसली होती.
फोटोवाले बोलावत होते, ही तिकडं गेली.
टॉवेल काढला,
गुडघ्याला गच्च बांधला,
आणि पोरीला खांदा देऊन उठवलं.

अकरा रात्री!
खरं सांगतो, जीव चरकला.
रक्त आधी सातावर आलं,
मग एकेका पोरीवर.
मी बघत राहिलो.
टाळ्या वाजवायचंही सुचलं नाही.

टॉवेल बार्शीला गेला.

यंदा दोन लावलेत.
एक तिला. एक तिनं देऊन टाकायला.
पाचवीचं डोकं
अजून तिरकंच येतंय.