पोलाद पाठीशी

वीस वर्षं एकच जॅकेट घालून मी समुद्रात उतरले.
फुगवलं की बरगड्यांना मिठी मारायचं,
आणि मिठी कुणाचीही असो, श्वास थोडा अडतोच.
खिसे इतके, की एकदा रिकामे केले तर निघालं:
गंजका चाकू, शिशाचे दोन तुकडे, तुटकी पाटी,
भाचा दिंको लहान होता तेव्हाच्या गोळीचा कागद.
पाण्याखाली मी त्यात बसलेली असायचे,
कुणी खुर्चीसकट उचलून न्यावं तशी,
पाय खाली, डोकं वर,
आणि मागे गाळाचा धुरळा.

फाब्यान सिलिंडर भरतो. बोलत नाही.
एकदा कॉम्प्रेसर थांबल्यावर एवढंच म्हणाला,
"पेरीना, तू पोहत नाहीस. जिना चढतेस."

मग स्प्लितच्या बोटीनं खोकं आलं.
आत एक पोलादी पाट, मधोमध घडी पडलेला, भोकाभोकांचा.
एक पट्टा, अखंड, ना शिवण ना जोड.
आणि घोड्याच्या नालासारखी वळलेली हवेची पिशवी,
तिला म्हणे पंख म्हणायचं.
आईनं पाट हातात तोलला, बोटानं वाजवला.
"सार्डिन भाजायला बरा आहे," म्हणाली. "तेल खाली गळेल."

पट्टा ओवायला दोन रात्री गेल्या.
या फटीतून आत, त्या फटीतून बाहेर, खांद्यावरून पुढे,
काखेखालून मागे, पुन्हा कमरेला.
उलटा ओवला. उसवला. पुन्हा उलटाच.
जाळी विणणाऱ्या घरातली मी, आणि एक पट्टा ऐकेना.
डाव्या खांद्यावरचं कडं बोटभर वर, मग अर्धं बोट खाली.
माझं माप पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं:
खांदे केवढे, तिथून कंबर किती लांब,
डावी बाजू उजवीहून किती खचलेली.
अकरा वर्षं डबाबंद मासळीच्या कारखान्यात
मुंडकी उडवताना मी डावीकडेच रेटून उभी होते.
उरलेलं टोक कापलं, लायटरनं वितळवून बंद केलं.
स्वयंपाकघरभर जळक्या नायलॉनचा वास,
आईनं खिडकी उघडली, मुद्दाम आवाज करून.

पहिल्या दिवशी त्यानं मला तोंडघशी पाडलं.
पंख मागे फुगला, मी पुढे पालथी,
नाकात खारं पाणी, होडीभर पाहुण्यांदेखत.
"पाठ टेक!" फाब्यान ओरडला. "रेल त्याच्यावर!"
रेलायचं.
छप्पन्न वर्षांत हे कुणी शिकवलं नव्हतं,
आणि शिकवलं असतं तरी, मागे होतं कोण?

टेकले.

मग खाली.
कमरेचं तीन किलो शिसं घरीच राहिलं होतं.
ते ओझं आता कण्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं,
आणि छातीवर काहीच नाही.
दोन कडी, एक नळी.
अठरा मीटरवर मी आडवी झाले,
बुरा वारा पडल्यावर होडी होते तशी.
काही करावं लागलं नाही.
श्वास घेतला, वीतभर वर. सोडला, वीतभर खाली.
खालचं समुद्रगवत हललंसुद्धा नाही.
कपारीतला ऑक्टोपस दर रविवारी माझा धुरळा पाहून
दारावर दगड ओढून घ्यायचा,
आज ओढला नाही.
एक डोळा बाहेर काढून बघत राहिला.
मीही.
फाब्याननं हवा किती म्हणून विचारलं, तेव्हा भानावर आले.
नेहमीपेक्षा पन्नास बार जास्त उरली होती.
त्यानं काटा दोनदा वाचला.

जमिनीवर ते जड आहे, हेही सांगायला हवं.
कोमिझाच्या धक्क्याच्या नऊ पायऱ्या चढताना
मांडीतला पट्टा काचतो,
आणि डावं कडं अजून अर्धं बोट चुकतंय.

जुनं जॅकेट सज्जात वाळत घातलं होतं, तिथेच राहिलं.
त्यात मांजर व्यायली. तीन पिल्लं.
एक कायम खिशातच झोपतं.

रात्री पाट चुलीमागे उभा असतो.
आई झोपायला जाताना त्यावर एकदा टिचकी मारते,
बारीक, लांब घुमणारा आवाज संपेपर्यंत थांबते.
सार्डिनचा विचार तिनं अजून सोडलेला नाही.